मीठ, ऊन, बर्फ आणि उरलेसुरले

मासेमारीविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात दर्या, तुफान, शीड आणि जाळे यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु जाळे होडीत ओढून घेतल्यावर, म्हणजे जेथे नाखव्याचे शौर्य संपते आणि कोळणीचे शहाणपण सुरू होते तेथून पुढे, त्या मासळीची व्यवस्था कशी लागते याची तपशीलवार हकीकत क्वचितच कोणी नमूद करून ठेवली आहे. किनाऱ्यावर आलेली मासळी अन्न म्हणून राहील, खत म्हणून जाईल की उकिरड्यावर पडेल, याचा निकाल पुढच्या काही तासांत लागायचा असतो, आणि त्या निकालात मीठ, ऊन आणि बर्फ या तीन पंचांचे मत निर्णायक ठरते. या पंचांपैकी कोणाचा अंमल कोणत्या काळी चालला, आणि त्या अंमलावर किनाऱ्याच्या व्यापाराबरोबर माशाच्या उरल्यासुरल्या अवशेषांचेही भवितव्य कसे अवलंबून राहिले, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

दापोली तालुक्यातील हर्णे बंदर हे अशा निरीक्षणाला सोयीचे ठिकाण आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. किनारा उथळ असल्यामुळे मोठ्या नौका आत नांगरून राहात आणि त्यांतील मासळी लहान होड्यांतून आणि पाण्यात घातलेल्या बैलगाड्यांतून काठावर येई, अशी येथील जुनी वहिवाट. सकाळी एकदा आणि दिवस कलताना पुन्हा एकदा वाळूवर लिलाव भरतो. सुरमई एका अंगाला, पापलेट दुसऱ्या अंगाला, बांगडा आणि कोळंबी टोपल्यांत, म्हाकुळाची रास निराळी, अशी जातवार मांडामांड होते न होते तोच प्रत्येक राशीभोवती व्यापाऱ्यांचे, दलालांचे आणि पाट्या घेतलेल्या बायांचे कोंडाळे जमते, आणि लिलाव पुकारणारा आपल्या ठराविक सुरात बोली चढवू लागतो. नवख्याला तो केवळ गलका वाटतो. पण त्या गलक्यात उभी असलेली अनुभवी बाई तोंडाने बोली ऐकत असता हाताने माशाची उलटतपासणी करीत असते, हे जरा जवळून पाहिले तरच ध्यानात येते.

ती प्रथम डोळा पाहते: बुबुळ काळेभोर, फुगीर आणि पारदर्शक असेल तर मासा आजचा, खोल गेलेले आणि दुधाळ असेल तर शिळा. मग आंगठ्याने कल्ल्याची झडप उचलते. आत तांबडा लाल रंग आणि समुद्राचा स्वच्छ वास असेल तर पुढे, करडेपणा आणि चिकटपणा असेल तर टोपली तशीच सोडून देते. तिसरी परीक्षा पाठीवर बोट दाबण्याची: खळगा लगेच भरून आला तर मांस घट्ट, बोटाचा ठसा राहिला तर त्या माशाचे दिवस भरले. अखेरीस पोट चाचपायचे, कारण मासा बिघडतो तो बहुधा पोटाकडूनच. या चार परीक्षांना मिळून दहा-बारा श्वासांचाही अवकाश लागत नाही, पण एकाच होडीतून आलेल्या, एकाच जातीच्या आणि एकाच वजनाच्या दोन सुरमयांच्या किमतीत जे अंतर पडते ते त्यांतून ठरते. आणि हे अंतर समुद्राने पाडलेले नसून जाळ्यातून काढल्यानंतरच्या तासांनी पाडलेले असते.

त्या तासांत काय घडते याचा उलगडा आता शास्त्राने पुरतेपणी केलेला आहे. मेलेला मासा प्रथम ताठरतो. हा ताठरपणा ओसरला, की जिवंतपणी भक्ष्य पचविणारे पाचकरस धन्याच्याच पोटाची भिंत पचवू लागतात. त्यामुळे अधाशीपणे खात असताना सापडलेल्या तारलीचे किंवा बांगड्याचे पोट तर पाहता पाहता फुटते. पाठोपाठ कातडीवरच्या बुळबुळीत थरातले, कल्ल्यांतले आणि आतड्यांतले सूक्ष्म जंतू मांसात शिरकाव करतात, आणि समुद्री माशाच्या अंगी मुळात असलेल्या एका निर्गंध द्रव्याचे रूपांतर ट्रायमिथिलअमाइनमध्ये करतात. ज्याला आपण सरसकट माशाचा वास म्हणतो तो या द्रव्याचा असतो. मुशी आणि पाखट यांच्या रक्तामांसात युरिया असल्यामुळे त्यांना अमोनियाचा उग्र दर्प येतो. सुरमई, बांगडा, कुपा या वर्गातल्या माशांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ते उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन साठते आणि कितीही रटरटून शिजविले तरी ते नष्ट होत नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, आणि दोष मात्र त्या दिवशीच्या मसाल्यावर जातो. या साऱ्या घडामोडींचा वेग उष्णतेवर अवलंबून आहे, आणि आपला किनारा तर बारमाही उष्ण. म्हणून येथे मासा टिकविण्याचा अर्थ एकच: एक तर त्याच्यातले पाणी काढून घ्यायचे, नाही तर त्याची उष्णता काढून घ्यायची.

पाणी काढून घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ऊन, आणि त्या मार्गाचा मानकरी बोंबील. या माशाच्या वजनात शेकडा ८५ हून अधिक भाग पाणीच असते. त्यामुळे तो ताजा असताना हातात धरवत नाही इतका लिबलिबीत, आणि घरी तळायचा तर चिरून, पाट्याखाली दाबून, आधी त्याचे पाणी काढावे लागते. भरती-ओहोटीच्या ओढीवर चालणाऱ्या डोल जाळ्यांत तो उधाणाच्या दिवसांत इतक्या मोठ्या प्रमाणावर सापडतो की तितका ताजा खपणे शक्यच नसते. मग वसई, अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा, सातपाटी या गावांतून वलांड्या उभ्या राहतात. बांबूचे खांब रोवून त्यांच्यावर एकावर एक दोरांच्या ओळी ताणायच्या, आणि दोन बोंबलांचे दातेरी जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर अशी टाकायची की एक अलीकडे आणि एक पलीकडे लोंबत राहील. ना खिळा, ना सुतळी. माशाच्याच दातांनी मासा टांगायचा. बायांचे हात हे काम इतक्या लगबगीने करतात की पाहणाऱ्याला जबडा जबड्यात गेलेला दिसत नाही, फक्त दोर भरत गेलेला दिसतो. चांगले ऊन आणि खारा वारा असला तर तीन-चार दिवसांत बोंबील कडक वाळतो, आणि त्याला मिठाचा कणही लागत नाही.

जवळ्याची तऱ्हा निराळी. तो टांगता येत नाही. म्हणून सारवलेल्या खळ्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर तो पातळ पसरतात आणि दिवसभर हलवीत राहतात. कोळंबी सोलून, वाळवून तिचे सोडे करतात. वाकट्या लांब लांब टांगल्या जातात. या सर्व उद्योगाचे लक्ष्य एकच असते, ते म्हणजे आगोट. पाऊस सुरू झाला, दर्या खवळला, होड्या वर ओढल्या की घरात जे असेल तेच; १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ आज सरकारी हुकुमाने पाळला जातो, पण तो हुकूम निघण्याच्या कितीतरी आधीपासून निसर्गाचाच बंदोबस्त तसा होता. म्हणून वैशाखाच्या उन्हात कोकणातली गृहिणी तांदूळ, मिरची, चिंच, कोकम यांच्याबरोबर सुकी मासळी भरून घेते, तिला पुन्हा एकदा कडक ऊन दाखविते, आणि हवाबंद डब्यांत किंवा मडक्यांत तोंड बांधून ठेवते. गोव्यात याच बेगमीसाठी मे महिन्यात पुरुमेंताचे फेस्त भरते आणि तेथेही खाऱ्या-सुक्या मासळीचा मान मोठा असतो. या व्यवस्थेतला एकच कच्चा दुवा म्हणजे अवकाळी पाऊस. वलांडीवर अर्धवट सुकलेल्या बोंबलावर एक सर पडली की तो काळा पडतो, त्यात किडे होतात, आणि आठवड्याची मेहनत खताच्या भावाने विकावी लागते.

जो मासा तेलकट आहे, ज्याला नुसते ऊन मानवत नाही, त्याच्यासाठी मीठ. बांगडा पाठीकडून चिरायचा, कल्ले आणि आतडी काढून समुद्राच्या पाण्याने धुवायचा, आणि तीन-चार भाग मासळीला एक भाग मीठ या मानाने चोळून थर लावायचे; मीठ मांसातले पाणी ओढते, ते पाणी वर येऊन मासे त्यात बुडतात, आणि मग ते काढून उन्हात घालायचे. वाचायला हे सोपे वाटते. पण मिठात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले तर ते मांसात सावकाश शिरते आणि मासा आत बिघडतो; आणि मिठागराच्या मिठातूनच येणारे, खारटपणावरच पोसणारे जंतू पावसाळी हवेत वाढले की खारविलेल्या मासळीवर तांबूस डाग पडतात. चांगले मीठ आणि पुरेसे मीठ या दोन गोष्टींवर खाऱ्या मासळीचा सारा व्यापार उभा होता.

आणि नेमके येथेच सरकार आडवे आले. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यात मीठ हा महसुलाचा विषय झाला होता, आणि १८८८ साली तर मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवर गेला. जेथे मिठाची किंमत माशाच्या किमतीला गाठू लागते तेथे गरीब मच्छिमार मीठ कमी घालतो, आणि कमी मिठाची मासळी सडते. हा साधा हिशेब हिंदुस्थानातील मत्स्यव्यवसायाची पाहणी करणारे सर्जन फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या आपल्या अहवालात सरकारच्या नजरेस आणून दिला होता. दक्षिण कोकणातील मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाबितांना शेजारच्या गोव्याचे स्वस्त मीठ मिळत असे. परंतु १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठावरही इंग्रजी बंदोबस्त बसला, आणि १८९२ साली तो तह संपेपर्यंत टिकला. यावर तोड म्हणून सरकारने मासळी खारविण्याची आवारे उघडली. चारी बाजूंनी कुंपण. आत मासळी आणायची. ती तोलली जायची. तिच्या मानाने करमुक्त मीठ मोजून मिळायचे. आणि खारवणी पुरी होईपर्यंत त्या मिठाचा एक खडाही बाहेर जाऊ नये यासाठी मीठखात्याचा शिपाई दारावर. जी क्रिया पिढ्यान्‌पिढ्या बायांनी घराच्या पडवीत केली, ती आता सरकारी दप्तरात नोंदली जाऊ लागली.

पुढे १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा देशभराच्या डोळ्यांसमोर स्वराज्याचा प्रश्न होता. परंतु शिरोड्याच्या किनारपट्टीवर मिठाला आणखी एक अर्थ होता, आणि तो खाऱ्या बांगड्याच्या थरात दडलेला होता. १९४७ साली मिठावरील कर उठला. गंमत अशी, की मीठ मोकळे झाले त्याच सुमारास मासळीच्या दरबारातले त्याचे स्थान तिसऱ्या पंचाकडे जाऊ लागले होते.

बर्फ मुंबईत आला तो माशासाठी नव्हे. १८३४ साली अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुश्यात गुंडाळून गलबतांतून मुंबईस पोचला तो साहेबांच्या आणि शेठसावकारांच्या पेल्यांत पडण्यासाठी. यंत्राने बर्फ होऊ लागल्यावर आणि तो स्वस्त झाल्यावरच तो मासळीच्या वाट्याला आला, आणि स्वातंत्र्यानंतर तर त्याला राजमान्यता मिळाली. १९५२ च्या करारान्वये केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक नौकांबरोबर बर्फाची आणि शीतगृहाचीही दीक्षा दिली. १९५७ साली कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली, १९६१ साली मुंबईस केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आली, आणि बंदरोबंदरी लाद्या फोडण्याच्या यंत्रांचा खडखडाट सुरू झाला.

बर्फाचे गणित सुरस आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो; ३० अंशांवर असलेला एक किलो मासा शून्य अंशावर आणण्यास त्यातला जेमतेम तीनशे ग्रॅम बर्फ पुरतो. मग जाणकार लोक माशाच्या वजनाइतका बर्फ घाला असे का सांगतात? कारण उरलेले सातशे ग्रॅम होडीच्या फळ्यांतून, उघड्या झाकणातून आणि वैशाखाच्या हवेतून सतत आत येणारी उष्णता परतवून लावण्यात खर्ची पडतात. खाली बर्फ, वर मासे, पुन्हा बर्फ असे थर द्यायचे. वितळलेले पाणी साचू न देता वाहून जाऊ द्यायचे, कारण जाताना ते कातडीवरचा बुळबुळीत थर आणि त्यातील जंतू धुऊन नेते. मोठा मासा असेल तर आधी कल्ले आणि आतडी काढून टाकायची. एवढे पथ्य पाळले तर जो मासा उघड्यावर एका दिवसात टाकाऊ होतो तो दोन आठवडे आणि कधी त्याहूनही अधिक काळ खाण्यालायक राहतो. आणि या बाबतीत आपल्या उष्ण समुद्रातील मासळीला निसर्गाने झुकते माप दिले आहे, कारण तिच्या अंगावरचे जंतू उबेला सरावलेले असल्यामुळे शून्य अंशाच्या थंडीत ते फारसे डोके वर काढीत नाहीत. हर्ण्याचे पापलेट पुण्यात, सातपाटीचे पापलेट परदेशात, ही किमया या लादीची. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, त्या मानात बर्फाचा वाटा थोडा नाही.

परंतु बर्फाने जी एक गोष्ट मुकाट्याने बदलली तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. सुकविलेला आणि खारविलेला मासा किनाऱ्यावरच साफ होत असे. त्यामुळे त्याची आतडी, कल्ले, खवले आणि डोकीही किनाऱ्यावरच राहात, आणि तेथे त्यांना जागा ठरलेली होती. नारळाच्या आळ्यात माशाचे खत पडे. कलमांच्या मुळाशी पडे. मासे धुतलेले पाणी परसातल्या कढीपत्त्याला आणि लिंबाला जाई. रापणीला तारलीचा इतका लोट आला की खाणारे उरले नाहीत, तर ती तारलीच सरळ बागायतीत उतरे. राहिले-साहिले ते मांजरांनी, कावळ्यांनी आणि भरतीने न्यावे. बर्फातला मासा मात्र सबंध प्रवास करतो. तो डोक्यासकट, पोटासकट घाट चढतो, आणि त्याची सफाई होते ती पुण्या-मुंबईच्या मंडईत किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीत, जेथून नारळाचे आळे शंभर मैल दूर आहे. म्हणजे बर्फाने माशाला आयुष्य दिले, पण त्याच्या अवशेषांना पोरके केले.

मंडईतल्या सफाईचे दृश्य परिचित आहे. भाव ठरला की, "कापून देऊ ना, ताई?" असे विचारून बाई कोयत्याखाली मासा घेते, शेपटीकडून डोक्याकडे खवले उडवीत जाते, पर छाटते, कल्ला उपसते, पोटाला एक चीर देऊन आतडी एका हिसक्यात बाहेर काढते, पण गाभोळी असेल तर ती अलगद बाजूला ठेवते. गिऱ्हाईक जुने असेल तर, "मावशी, डोके टाकू नका हो, कालवणाला पाहिजे," असे बजावते. नवे असेल तर तुकड्या तेवढ्या घेऊन निघून जाते. मागे उरलेला ढीग माशाच्या जातीप्रमाणे वजनाचा चौथा हिस्सा ते निम्मा भरतो. कोळंबीच्या बाबतीत तर डोके आणि कवच मिळून जवळजवळ निम्मे वजन जाते. १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेल्या मुंबईच्या ससून डॉकमध्ये आज पहाटेपासून बायका ओळीने बसून, बोटांना फडकी गुंडाळून, बर्फाच्या पाण्यातली कोळंबी सोलत असतात. त्यांच्यापुढे एका बाजूला निर्यातीचा माल आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच कवचांचा ढिगारा वाढत जातो.

हा ढिगारा निरुपयोगी आहे असे शास्त्र म्हणत नाही आणि व्यापारही म्हणत नाही. घोळ माशाच्या पोटातील भोत, ज्याच्या योगाने तो पाण्यात तरंगतो ती पिशवी, वाळवून पूर्वेकडील देशांत जाते, आणि तिचा भाव माशाच्या मांसाला लाजवितो; म्हणून घोळीचे पोट कोणी बेफिकिरीने चिरीत नाही. कोळंबीच्या कवचातून कायटिन आणि कायटोसान निघते, ज्यांना औषधांत आणि पाणी शुद्ध करण्याच्या कामी मागणी आहे. साध्या आतड्या-डोक्यांचा तर फारच सोपा उपाय आहे: ती बारीक करून त्यांत शेकडा तीन-साडेतीन भाग फॉर्मिक आम्ल घातले, की माशाचेच पाचकरस त्यांचे पातळ द्रावण करून टाकतात, ते सडत नाही, आणि जनावरांच्या खाद्याला किंवा झाडांच्या पोषणाला वापरता येते. जे रस किनाऱ्यावर मासा नासवितात त्यांनाच येथे कामाला जुंपलेले असते. यास मोठे यंत्र लागत नाही. झाकणाचे पिंप, थोडे आम्ल, हातमोजे आणि रोज एकदा ढवळणारा माणूस, एवढ्या सरंजामावर एका मंडईचा कचरा मार्गी लागू शकतो.

मग हे सर्रास का होत नाही? उत्तर हिशेबात आहे. मिठाचा कर कोळ्याने भरला, बर्फाचे पैसे व्यापारी भरतो, उन्हाला मोल नाही. पण अवशेषांच्या व्यवस्थेचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा याचा दंडक आजवर पडलेला नाही. कोळीण म्हणते, मी मासा विकला. गिऱ्हाईक म्हणते, मी तुकड्या नेल्या. मंडईचा ठेकेदार म्हणतो, माझा ठेका झाडण्याचा. आणि ढीग प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून ओल्या-सुक्या कचऱ्याच्या एकाच गाडीतून कचराभूमीवर जातो, अथवा मंडईच्या मागच्या गटारातून खाडीत, म्हणजे ज्या पाण्यात कोळंबीची पिले वाढायची त्याच पाण्यात उतरतो. मग शेजारच्या सोसायटीतून दुर्गंधीची तक्रार येते, आणि ती येते माशाविरुद्ध आणि कोळणीविरुद्ध. वास्तविक त्या बाईच्या घराण्याने शेकडो वर्षे माशाचा कणही वाया न घालविता संसार केलेला असतो.

आपल्याकडे मत्स्यव्यवसायाची प्रगती टनांत मोजण्याची रीत पडली आहे: अमुक वर्षी इतकी मासळी उतरली, अमुक इतकी परदेशी गेली. त्या आकड्यांच्या शेजारी, उतरलेल्या मासळीपैकी किती खाण्यालायक राहिली आणि जे खाल्ले गेले नाही त्याचे पुढे काय झाले, असे आणखी दोन रकाने घातले पाहिजेत. बंदरावर पुरेसा बर्फ आणि गोडे पाणी, लिलावाला वाळूऐवजी धुता येणारा ओटा, सुकवणीला अवकाळी सरीपासून वाचविणारे छप्पर, आणि प्रत्येक मंडईत अवशेषांचे पिंप व ते उचलण्याची जबाबदारी ठेक्याच्या करारातच लिहिलेली, एवढ्या गोष्टींना नवा शोध लागायचा नाही. मासळी फार महाग झाली, अशी कुरकुर करीत आपण हल्ली पिशवी पुढे करतो. त्या महागड्या भावात डोके, कल्ले, खवले आणि आतडी यांचेही वजन धरलेले असते, आणि रोख मोजून घेतलेल्या मालाचा तिसरा हिस्सा गटाराला देऊन घरी येणे याला आपल्या आजीच्या हिशेबात तरी कोणी बाजार केला असे म्हटले नसते.